मुशीचं तेल प्यालेला क्लच

बाबा, तुझी होडी विकून मी मोटार घेतली त्या दिवशी आय म्हणाली होती, "त्या डब्यात मी बसणार न्हाय. मेले तरी न्हाय." तू तापानं गेल्यापासून होडी किनाऱ्यावर तडकत पडली होती, आणि मला समुद्र लागायचा हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक. मुंबईच्या गॅरेजात हात काळे करून परतलो ते चाकांच्या ओढीनंच. श्रीवर्धनात भाड्याची जुनी मोटार माझी, चालक मी, मेस्त्री मी. सारं गाव तीत बसलं. आय मात्र दर वर्षी तुझ्या श्राद्धाला हरिहरेश्वराला पायी जायची आणि मी रिकामी गाडी तिच्या मागून रांगवत न्यायचो. "भोंगा नको वाजवू," ती मागं न बघता म्हणायची, "मी म्हैस न्हाय."

यंदा तिचे गुडघे संपले आणि नेमका गाडीचा क्लचही. इंजिन गर्जतंय आणि चढणीवर गाडी जागची हलत नाही, गिऱ्हाइकं उतरून ढकलताहेत. तू वल्हं पाण्यात सोडून दांड्याला कान लावायचास आणि खाली घोळ मासळी आली की नाही ते सांगायचास. "आपलं नको सांगू पोरा, माशाचं ऐक." मला ओकारी यायची, पण ऐकू यायचं. तुझ्या मोडक्या वल्ह्याचा दांडा माझ्या हत्यारांत असतो. तो गिअरपेटीला टेकवून कान लावला. आत क्लचचं चामडं नुसतं घसरत होतं, पकडत नव्हतं.

परसात नारळाच्या ओंडक्यांवर गाडी चढवली, गिअरपेटी उतरवली, क्लचच्या वाटीवरचं झिजून काचेसारखं झालेलं चामडं सोललं आणि नवं तांब्याच्या रिबिटांनी बसवलं. नव्या चामड्याला एरंडेल पाजावं लागतं, नाहीतर गाडी बेडकासारखी उडी मारते. एरंडेलासाठी माळ्यावर हात घातला तो तुझ्या डब्यावर पडला, होडीला चोपडायच्या मुशी माशाच्या तेलाच्या. कोळ्याचा हात, दुसरं काय; तेच पाजलं. चामडं मऊ झालं छान, पण गाडी जोडून इंजिन तापवलं तर असा वास सुटला की शेजारचं मांजर चाकापाशी येऊन बसलं. या वासात भाडं कोण देणार? मी बोल्ट परत सैल करायला घेतले.

तेवढ्यात आय काठी टेकत दारात आली. तिला आता दिसतं कमी. "कंची होडी लागली रं?"

"होडी न्हाय आये, मोटार हाय."

ती पुढं आली. होडीच्या पुढच्या टोकावर, नाळेवर ठेवायची तसा तिनं बॉनेटवर हात ठेवला आणि तशीच उभी राहिली. माझ्या हातात पाना. मी ना सैल करतोय ना आवळतोय.

"बापसाचा वास येतो," ती म्हणाली.

"व्हय."

"दार कुठं याचं?"

मी बोल्ट आवळले. तुझ्या श्राद्धाच्या सकाळी ती पुढं, माझ्या शेजारी बसली. चढणीवर मी पाय हळूहळू सोडला, क्लचनं धरलं, एक झटका नाही. तिनं पदर नाकाला लावला नाही. "बेतानं घे," म्हणाली, "वारा हाय." माझ्याकडे बघून म्हणाली नाही ती. कुणाशी बोलली ते मी विचारलं नाही, पण गाडी मात्र बेतानं घेतली. सुकाणू तुझ्या हातात असतं तर तू हसला असतास आणि मुद्दाम एक लाट अंगावर घेतली असतीस.

आता वास उतरत चाललाय. गिऱ्हाइकं विचारतात, "काय भाऊ, सुकट नेलीत वाटतं?" मी व्हय म्हणतो. हा कागद तुला टाकायला टपालपेटी नाही, तेव्हा माळ्यावर तुझ्या डब्याखालीच ठेवीन. चामड्याला तेल जास्त झालं की क्लच पुन्हा घसरतो, हे मी चार जणांना शिकवलंय. तरी काल डबा खाली काढला आणि थोडं पाजलं. चामड्याला गरज नव्हती.