एका दिवसाचं पाणी

१४ जानेवारी
संक्रांत. सून सारिका अजून नांदुऱ्याला माहेरीच. नात रांगायला लागली म्हणे, आम्ही फोनवरच बघायची. व्याह्यांना विचारलं, कधी पाठवता? म्हणाले, "पाठवतो ना बापू, काऊन नाई पाठवणार? पण नळाले पाणी येऊ द्या. पोटुशी असताना पोरगी विहिरीवर पडली होती, आमी इसरलो नाई." नळ दारात उभा आहे वर्षभर. सौ. त्यावर फडकी वाळत घालते.

२ फेब्रुवारी
पाण्याच्या योजनेचा ठेकेदार आला होता. टाकी झाली, पाइप झाले, मोटर बसली, फक्त विजेचं कनेक्शन राहिलं. शेवटचं बिल निघालं की करतो म्हणे. बिल कधी निघणार? तपासणीचे साहेब येऊन नळ वाहताना बघतील तेव्हा. नळ कधी वाहणार? वीज आली की. एसटीत जन्म गेला कंडक्टरकीत, पण असा रूट पाहिला नव्हता.
सरपंच सुनीताताई, बोलतो त्यांचा नवरा प्रकाश. तो म्हणाला, एक दिवस टाकी भरून दाखवू, काम आपलंच आहे. कोणी नाही म्हटलं नाही. मीही नाही.

११ फेब्रुवारी
लग्नघर झालं होतं गावाचं. रफिकभाईंचा पाण्याच्या टँकरचा धंदा. त्यांनी इंजिन लावून टाकी भरून दिली, पैसा घेतला नाही. "गावाच्या इज्जतीचा सवाल हाय." साहेब सज्जन. अंगण सारवलेलं पाहून आमचाच नळ पसंत केला. बायकांनी नळाला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. मी हंडा धरून उभा, फोटो.
आणि पाणी आलं! आधी गढूळ, मग स्वच्छ. सौ. रडली. नाटक आहे हे तिला माहीत होतं, तरी.
साहेबांनी विचारलं, रोज येतं ना? सगळ्यांनी हात वर केले. आमच्या निलेशने व्हिडिओ सासरी पाठवला. पोराला अडवायला हवं होतं का... पण महिनाभरात खरंच येणार होतं ना.

२१ फेब्रुवारी
व्याही स्वतः सारिकाला घेऊन आले. नात माझ्या मिशा ओढते. घर भरलं. व्याही गेल्यावर सारिकाने नळाखाली बादली लावली, तोटी फिरवली. नुसती हवा फुसफुसली.
"मामाजी, पानी कोन्या टायमाले येते?"
येईल, म्हणालो. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं, कळशी उचलली आणि विहिरीकडे गेली. सौ. मागोमाग धावली.

१९ मार्च
ठेकेदाराचं बिल निघालं. फोन बंद. प्रकाश म्हणतो, त्याला दुसऱ्या जिल्ह्यात मोठं काम लागलं. लागणारच. हुशार आहे.
वीज कार्यालयात विचारलं तर म्हणे पाण्याच्या खात्याने मागणी करावी. ते म्हणतात, काम पूर्ण झालंय, मागणी कशाची? चीड येते नुसती. कोणावर काढायची ते कळत नाही.

८ एप्रिल
विहिरीने तळ गाठला. दर उन्हाळ्यात सरकारी टँकर यायचा, यंदा नाही. प्रकाश आणि मी टँकरचा अर्ज घेऊन मेहकरला तहसील कचेरीत गेलो. बाबूने कॉम्प्युटर आमच्याकडे वळवला. त्यात मी, हंड्यासकट, सगळे दात बाहेर.
"घरोघर नळ हायेत तुमच्या, आन् टँकर मांगता?"
प्रकाश म्हणाला, ते एका दिवसापुरतं होतं.
"मंग साहेबाले खोटं सांगतलं म्हनता? देता लिहून?"
प्रकाशने अर्जाची घडी करून खिशात घातली. मी अडवलं नाही. बाबूने चहा पाजला, वाईट माणूस नाही. कोणीच वाईट नाही, हेच तर डोक्यात जातं. एका तिकिटासाठी आमची गाडी भर रस्त्यात थांबवून तपासायचे. इथे अख्खं गाव विनातिकीट निघालं, आणि तपासणारा टाळ्या वाजवून गेला.

२७ एप्रिल
नातीला जुलाब. मेहकरला सलाइन लावलं, आता बरी आहे. डॉक्टर म्हणाले, पाणी. सारिका ओरडली असती तर बरं झालं असतं.
"मामाजी, माहा राग नाई तुमच्यावर. पन लेकरू मी इथं नाई वाढवनार."
बरोबर बोलली.

३० एप्रिल
निलेशला नांदुऱ्यात गॅरेजवर काम मिळालं. तिघं सकाळच्या गाडीने गेले. खोली बघितलीय, म्हणाला, तुम्ही दोघंही चला. सौ. म्हणाली, बघू. घरी येऊन जेवलो नाही. मीच आणली होती पोरीला त्या व्हिडिओवर, आणि मीच घालवली. रडू आलं तर आलं, लिहून ठेवतो.

९ मे
प्रकाश आला. गाव आदर्श पाणी गाव म्हणून निवडलंय! वरून पथक येणार. मला हसू आवरेना, मग संतापलो. म्हणालो, या वेळी पथकाला खरं सांगणार मी, सगळ्यांदेखत.
"सांगा ना बापू. सुनीतावर केस होईन. पन त्यानं टँकर येईन का? तुमीच सांगा." मग हळूच म्हणाला, "बक्षिसाच्या पैशात कनेक्शन घेऊ. टाकी भरू एक दिवस. तुमचा फोटो त्यायले लय आवडला, नळापाशी तुमीच उभे राहा."
मी सौ.कडे पाहिलं. वाटलं, ही तरी त्याला हाकलेल.
"हो म्हना," ती म्हणाली. "तेवढ्या दिवशी तरी पानी येईन."
प्रकाशला उद्या सांगतो म्हणालो. ती अंगणात राखेने हंडे घासायला बसली आहे.