वाळू कुणी खाल्ली

थोरली वस्ती, न्हावरे
ता. ५ मे २०२५

चि. सत्यजीतला मुक्ताआत्याचा आशीर्वाद, वि. वि.

फोनवर बोलले तर सूनबाई स्पीकर लावती आन् आळी गोळा होती, म्हणून हे पत्र दुधाच्या टँकरवाल्याकडं देते. तू डेअरीपुढं केलेलं आंगण वाळलं. दिसाय मुरमुऱ्याच्या लाडवावाणी, नुसती भोकं. चेअरमन सर्जेराव एकेका भोकात बोट घालून बघत्यात आन् म्हणत्यात, पोरानं वाळू खाल्ली. मी म्हणले, व्हय, लहानपणी मातीबी खायचा. कुणी हसलं न्हाई.

शनिवारी म्हस्कू गवंडी गिलावा मारून भोकं बुजवणार हाय. तुझं पहिलंच काम, म्हणून कळवते. खरं सांग, किती खाल्लीस?

जेवत जा. नुसत्या वाळूनं पोट भरत न्हाई.

तुझी,
मुक्ताआत्या

दौंड
ता. ७ मे

ती. आत्यास सत्यजीतचा सा. न. वि. वि.

आत्या, तूसुद्धा? या काँक्रीटमध्ये वाळू घालतच नाहीत. खडी, सिमेंट आणि बेताचं पाणी. भोकं मुद्दाम ठेवलेली. पाणी त्यातून खालच्या खडीच्या थरात जातं आणि जमिनीत मुरतं. बादली ओतून बघ, डोळ्यांदेखत गायब होईल. कॅन धुतल्यावर तिथं चिखल व्हायचा, तूच दोनदा आपटलीस, विसरलीस का? सर्जेरावआप्पांना नकाशा काढून दिला होता. त्यांनी त्यावर भजी खाल्ली.

कुरकुंभच्या एका कंपनीचे साहेब पुढच्या आठवड्यात हेच अंगण बघायला येणार आहेत. पसंत पडलं तर त्यांच्या पार्किंगचं काम मला मिळेल. गिलावा मारला तर सगळं मेलं. मी रविवारशिवाय सुटत नाही. शनिवार तेवढा निभाव, पाया पडतो.

तुझी माया मुरत राहू दे.

तुझा,
सत्यजीत

थोरली वस्ती
ता. १० मे, शनिवार

चि. सत्यजीतला आशीर्वाद.

दुधाचा टँकर निघालाय, तवा थोडक्यात. सकाळी म्हस्कू माल कालवाय पत्रा हुडकत होता. मी म्हणले, पत्रा कशाला, आंगण एवढं स्वच्छ हाय, त्या कोपऱ्यातच कालव. त्यानं वाळू-सिमिटाचं आळं केलं, मधी पाणी ओतलं. पाणी गेलं. परत ओतलं, परत गेलं. म्हस्कू म्हणला, आक्का, बादलीला भोक हाय का बघा. मी डोळ्याला लावून बघितली, न्हाई म्हणले. सर्जेरावांनी पाण्याचा टँकर मागवला. त्योबी गेला. तुझं आतोबा गेल्यापासून मला एवढं हसू आवराय लागलं नव्हतं.

म्हस्कूनं थापी ठेवून कानाला हात लावला. मी आंगणाला नुसता नमस्कार केला, तर शेजारच्या झुंबरबाईनं हळदकुंकूच आणलं. सर्जेरावांनी चपला काढल्या आन् उभ्याउभ्या ठराव केला. वाळू सत्यजीतनं न्हाई, आंगणानंच खाल्ली. खाणाऱ्या आंगणाचं तोंड बुजवायचं न्हाई.

उद्या ये. कोपऱ्यात थोडा माल बसलाय, तेवढा खरवडून धुवून काढ. पर चारचौघांत खरं काय ते समजावत बसू नको, ठराव फिरवतील. आन् तुझ्या साहेबांना मोजं धड घालून याय सांग, बूट बाहीर काढाय लागतील.

आत्यावरची माया गळू देऊ नको. येताना नारळ आण, आंगणाला भूक लागली आसंल.

तुझी,
मुक्ताआत्या