मालक एक महिना नाही असं धरा

उस्ताद, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्या डाळमिलला लोक आता माझी मिल म्हणतात. या वयात मी विद्यापीठात शिकायला जातो, हे ऐकून तुम्ही आधी हसला असता आणि मग विचारलं असतं, "का रे, काय तुटलं?" नीट चाललेलं काम सोडून माणूस दुसरीकडं बघायला लागला की कुठंतरी काहीतरी तुटलेलं असतं, असं तुमचं मत. तुटलंय, उस्ताद. पण ते एकदम सांगवत नाही.

अभ्यासक्रमाचं नाव उद्योजकता आणि लघुउद्योग विकास. वर्ग शनिवारी आणि रविवारी. झरीहून एसटीनं परभणी, पुढं रिक्षा. पहिल्या दिवशी वर्गाच्या दारात मी चपला काढल्या. ठरवून नाही, समोर लखलखीत फरशी दिसली आणि पाय आपोआप थांबले. तुमच्या अंगणाची सवय. तूर वाळत टाकलेल्या त्या अंगणात चपलेसकट पाय टाकला म्हणून तुम्ही एका बड्या शेतकऱ्याला उलटं फिरवलं होतं. "साहेब, तूर तुमची असंल, अंगण माझं हाय." तर मी अनवाणी आत शिरलो आणि माझ्या मुलीच्या वयाची एक पोरगी म्हणाली, "काका, नारळ कुठाय?" सगळा वर्ग हसला, मीही हसलो. दिवसभर थंड फरशीवर तसाच बसलो, कारण मधेच उठून चपला घालून आलो असतो तर ती पोरं आणखी हसली असती.

शिकण्याची मला भीती नाही. मोटारीचं वाइंडिंग भरायला मी जळक्या मोटारी उकलून शिकलो, इंग्रजी शिकलो ते मशीनच्या माहितीपत्रकांवरून, हिशेबाचा कॉम्प्युटर एकट्यानं बसवला. मला कुणी शिकवलं नाही, हे मी गावभर ताठ मानेनं सांगतो. तुमचं नाव घेतो, पण वेगळ्या तऱ्हेनं: उस्तादांनी काम दिलं म्हणतो, शिकवलं म्हणत नाही. तुम्ही खरंच काही शिकवलं नाही असंच मला वाटत आलं. तुम्ही फक्त चावायला लावलं.

मागच्या रविवारी मॅडमनी शेवटचं काम दिलं. प्रत्येकानं आपल्या धंद्याचा आराखडा उभं राहून वर्गाला समजावून सांगायचा, आणि त्यात एक प्रश्न सगळ्यांना सारखा. "मालक एक महिना नाही असं धरा," मॅडम म्हणाल्या. "आजारी म्हणा, परगावी म्हणा. धंदा कसा चालेल?" मागून एक पोरगा म्हणाला, "मॅडम, काका न्हाई म्हणल्यावर तर मिल लय जोरात चालंल!" पुन्हा हशा. मी प्रश्न वहीत उतरवून घेतला. उद्या माझी पाळी आहे. खरेदी, गिऱ्हाईक, मशीनची देखभाल, सगळं लिहून झालंय. एक रकाना कोरा आहे: तूर वाळली की नाही हे कोण ठरवणार.

तुम्हाला ठाऊक आहे की सगळी मिल त्याच रकान्यावर उभी आहे. तेल-पाणी लावलेली तूर ओली राहिली तर टरफल सुटत नाही, जास्त वाळली तर डाळीची चुरी होते. मधला क्षण दाताखाली कळतो. तुम्ही ढिगाच्या वेगवेगळ्या जागचे दाणे उचलायचात, दाढेखाली धरायचात, आणि कट्ट असा कोरडा आवाज आला की बायका पोती घेऊन यायच्या. ओलावा मोजायचं यंत्र मी दोन वर्षांपूर्वीच घेऊन ठेवलंय. पेटीतून काढलेलं नाही. ते अंगणात आणलं की लोक विचारणार, आता का?

आणि आज हे लिहिताना तुम्ही समोर दिसताय. मी नवा आहे, मिसरूड नुकतं फुटलंय. तुम्ही ओंजळीतला दाणा माझ्या तोंडापाशी धरताय. "चाव." मी म्हणतो, "उस्ताद, तुमी चावा की, मला काय कळतंय?" तुम्ही डोळे वटारता. "बोलू नको. चाव." आणि माझ्या गालाला कान लावून उभे राहता, दाढीचे केस टोचतात. कट्ट. "आता काय ऐकू यायलंय?" "वाळली." "मग माझ्या तोंडाकडं काय बघायलास? सांग बायकांना." मला वाटायचं, म्हातारा चेष्टा करतोय. तुम्ही ज्वारीची भाकर दुधात बुडवून, पार लगदा करून खायचात, हे मी रोज बघत होतो. तरी दोन गोष्टी जोडल्या नाहीत. तुम्ही घाबरला होता, उस्ताद. घाबरलात आणि कुणाला काही न बोलता माझं तोंड वापरलंत, आणि त्यातच मी तयार झालो. पुढं तुम्ही महिनाभर अंथरुणाला खिळलात, तेव्हा मिल एक दिवसही थांबली नाही.

माझ्या दाढा हलायल्यात. खालच्या, दोन्हीकडच्या. दाणा दाबला की कळ कानापर्यंत जाते.

हे कागद कुठं पाठवायचे नाहीत, म्हणून लिहून टाकतो. आज दुपारी सगळ्यांसमोर मी दाणे तोंडात टाकले, ते गालात सरकवले आणि जिभेनं टाळूवर आवाज काढला. कट्ट. वाळवणावरची मावशी, जी तुमच्या काळात, गावात नवी सून असताना, कामाला आली होती, पोती उचलत म्हणाली, "वाळली बघा, दादा." आणि मी इतका घाबरलो की म्हणालो, "नको मावशी, आणखी एक ऊन देऊ." त्या तुरीला आणखी ऊन हवं होतं की नको, मला माहीत नाही. पहिल्यांदाच माहीत नाही.

उद्या एसटी धरण्याआधी अंगणात जाईन. चपला बाहेर काढीन, दाणा मावशीपुढं धरीन आणि "चाव" म्हणीन. मग तो रकाना भरता येईल. वर्गात काय बोलायचं ते मी सकाळपासून पाठ करतोय आणि ते जमतंय. तो एकच शब्द अजून एकदाही मोठ्यानं म्हणून पाहिलेला नाही.