माफीचा नमुना

आदरणीय भाऊजी,

मेहुण्याचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग कागदावरचाच समजा, माझ्या कंबरेची परवानगी नाही.) तुमचे गुडघे कसे आहेत, ताईचा खोकला थांबला का आणि तुमचा माझ्यावरचा राग गेला का, हे तिन्ही प्रश्न मी काल फोनवर ताईला विचारले. उत्तरं मिळाली ती अशी: बरे आहेत, थांबला, नाही. तरी लिहितो आहे. माझं नाव निघालं की तुम्ही गेली सहा वर्षं खोलीबाहेर जाता म्हणे. पत्र घेऊन खोलीबाहेर जा, पण वाचा.

गेल्या महिन्यात एका मासिकाने माझ्या दहा संस्मरणीय भूमिकांची यादी छापली. हा नट प्रत्येक भूमिकेत विरघळून जातो, असं त्यात म्हटलंय. हे वाचून सौ.ने माझ्याकडे जे पाहिलं, ते छापण्यासारखं नव्हतं. तिला ठाऊक आहे की मी कशातही विरघळत नाही, मी नातेवाईक उचलतो. ज्या न्यायाधीशाचं एवढं कौतुक झालं, ती डोळे मिटून सगळ्यांचं ऐकून घेणारी आमची आई. जहाज बुडताना जागचा न हललेला कप्तान म्हणजे बाबा, वाईट बातमी सांगण्याआधी दोनदा खाकरणारे. भिकाऱ्याच्या भूमिकेत पसरलेला हात धाकट्या काकांचा, दुसरा कप चहा मागतानाचा. म्हातारी स्वयंपाकीण केली तेव्हा चाल ताईची घेतली. (तिला सांगू नका. अशी फेंगडी कोण चालत असेल बाई, असं ती मला अजून विचारते.) चौतीस चित्रपट झाले, भाऊजी, आणि एकही माणूस मी घराबाहेरून आणलेला नाही. यादीत पहिल्या क्रमांकावर कोण आहे, ते तुम्हाला सांगायला नको. विष देणारा औषधविक्रेता. त्याच्याकडे नंतर येतो.

सध्या हाती जी भूमिका आहे, तशी मला पुन्हा मिळायची नाही. पहिल्यांदाच पोस्टरवर मी मधोमध आहे, आणि दाढीमिशांशिवाय. एक हेकेखोर म्हातारा शिंपी, जन्मभर कुणापुढे न नमलेला, शेवटी जुन्या मित्राच्या दारात जातो आणि म्हणतो, "चुकलं माझं." एवढंच. आणि माझ्याकडे नमुना नाही. तुमच्या-आमच्या दोन्ही घरांत तीन पिढ्यांत कुणी माफी मागितल्याचं मला आठवत नाही. आपण फार तर दुसऱ्या दिवशी समोरच्याच्या ताटात थोडं जास्त वाढतो आणि हवेविषयी बोलतो. एकोणीस वेळा शॉट झाला. दिग्दर्शिका माझ्या मुलीच्या वयाची, स्वभावाने गरीब. विसाव्या वेळी हळूच म्हणाली, "काका, तुम्ही माफी मागताय की पत्ता विचारताय?" शुक्रवारी शेवटची संधी आहे. नाहीच जमलं तर भूमिका त्या दुसऱ्या नटाकडे जाईल, जो लग्नात आणि मयतात एकसारखाच रडतो. ते मी होऊ देणार नाही.

म्हणून नमुना शोधायला बाहेर पडलो. बेकरीच्या दारात, जिथे गर्दीत धक्का बसतोच, तिथे तासभर उभा राहिलो. सात धक्के बसले आणि सातही जणांनी मलाच, दिसत नाही का, म्हणून विचारलं. दातांच्या डॉक्टरकडे गेलो. त्याने भलत्याच दाताला हात घातला, मी आशेने त्याच्या तोंडाकडे पाहत राहिलो, आणि शेवटी तोंडात कापसाचा बोळा असताना मीच म्हणालो, असू दे. घरी सौ.कडून काही चुकेल म्हणून आठ दिवस डोळ्यांत तेल घालून बसलो. तिचं काही चुकेना. अखेर शेजारच्या कुत्र्याने माझा बूट चावला आणि अशी काही मान खाली घातली, की मला भरून आलं. ती मान मी सेटवर जशीच्या तशी केली. मान चांगली होती, पण जमीन का हुंगलीत, असं दिग्दर्शिकेने विचारलं. मी मात्र हटलेलो नाही. माफी मागायला शिकल्याशिवाय मी राहणार नाही, मग कुणाच्या का पाया पडावं लागेना.

ताईला नमस्कार, मुलांना आशीर्वाद. गुडघ्यांना जपा.

तुमचा मेहुणा

ता. क. : आता खरं काम. माझ्या त्या औषधविक्रेत्याच्या चित्रपटातून तुम्ही मध्यंतरालाच उठून गेला होतात, हे मी विसरलेलो नाही. तर शुक्रवारी अकराला सेटवर या आणि त्याबद्दल एकदा माझी माफी मागा. मला फक्त पाहायचं आहे.

ता. क. २ : सौ.ने पत्र वाचलं (तिला सवय आहे) आणि ताईने तिला सांगितलेलं, माझ्यापासून लपवलेलं, आज सांगून टाकलं. चष्म्याची एकच काच पुसून त्या एका डोळ्याने समोरच्याला न्याहाळायचं, ही तुमची लकब मी त्या औषधविक्रेत्याला दिली. चित्रपटगृहात शिट्ट्या पडल्या. दुसऱ्या दिवशी तुम्ही कचेरीत काच पुसलीत तेव्हा खिडकीवरचा माणूस दोन पावलं मागे सरकला आणि सगळी कचेरी हसली. तेव्हापासून तुम्ही न्हाणीघराचं दार लावून दोन्ही काचा धुता म्हणे. मी आजवर इतक्यांचं उचललं, पण ज्याचं उचललं त्याच्याकडे ते उरत नाही, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं, भाऊजी.

ता. क. ३ : पहिली ता. क. खोडली असती, पण मग सौ. म्हणाली असती की बरं झालं. राहू दे. चुकलं माझं. हे दोन शब्द लिहायला तीन कागद फाडले, आणि आरशासमोर म्हणून पाहिले तर अजून पत्ताच विचारतो आहे. तुम्ही समोर असल्याशिवाय ते यायचे नाहीत. तेव्हा शुक्रवारी तुम्ही येऊ नका. गुरुवारी सकाळी मीच येतो. दार उघडलं नाहीत तर पायरीवर बसेन, उठणार नाही. आणि उघडलंत, तर कृपा करून एकच काच पुसून उघडा.