माहेरची वाट आणि फोर-बाय-फोर

एटापल्ली,
रविवार

प्रिय नूतन,

एटापल्लीच्या पुढे येऊनही मी तुला न भेटता परत फिरलो, म्हणून तू चिडशील. चीड. तुमच्या गावात मोबाईलला रेंज येईपर्यंत आपलं बाळ शाळेत जायला लागेल, म्हणून चहाच्या टपरीवर बसून लिहितोय. तुमची आशाताई बुधरी इथेच भेटली, उद्या गावात परतली की हे पत्र तुला देईल.

पहिलं बाळंतपण माहेरीच, हा तुझा आणि आईंचा हट्ट. मी पुढच्या महिन्यात रजा काढून तिकडे मुक्कामाला यायचं आणि कळा सुरू झाल्या की तुला दवाखान्यात पोचवायचं, असं ठरलं. ती जुनी फोर-बाय-फोर जीप त्यासाठीच घेतली. गॅरेजवाले सोमाजीभाऊ म्हणाले होते, "चिखल लागला का दांडा ओढ, चारही चाकं जोर लावतेत. सुकं डांबर आलं का काढ, नाई तं गाडी अडून बसते." ऐकायला किती सोपं!

आज तुला न सांगता रंगीत तालीम करायला निघालो. एटापल्लीच्या पुढे माझी मती गुंग झाली. जरा डांबर, मग मुरूम, मग चिखल, परत डांबर. एके ठिकाणी तर डावी चाकं डांबरावर आणि उजवी चिखलात! आता लावू की काढू? सोमाजीभाऊंना हे विचारायचं राहूनच गेलं होतं. शेवटी कंटाळून दांडा लावूनच ठेवला.

नाल्याच्या अलीकडे नवं, कोरडं डांबर आणि त्यावरच वळण. टायर किंचाळले, स्टिअरिंग जड झालं, दांडा काही केल्या निघेना. मातीत चाकं थोडीफार घसरतात आणि पुढच्या-मागच्यांचं जमून जातं. डांबरावर घसरायला जागाच नाही, मग ती एकमेकांना ओढत बसतात. निदान मला तरी तसं वाटतं. आधी दांड्याला शिव्या दिल्या, मग हात जोडले. गाडी सरळ मागे घेत कडेच्या मुरमावर नेली, तेव्हा तो आपसूक सुटला.

नाल्यापलीकडे तुमची पाण्याची टाकी दिसत होती. यायचं फार मनात होतं. पण मागच्या सीटवर तू कळा सोसत असतीस तर, हेच सारखं डोक्यात. मी घाबरलो, नूतन. गाडी वळवली.

म्हणून हे पत्र. येत्या रविवारी सकाळी तुला घरी न्यायला येतो, तुझं सामान बांधून ठेव. आईंचंही बांध. त्या सोबत असल्या की आपल्या भद्रावतीच्या क्वार्टरलाच माहेर म्हणू. त्यांना माझा जयभीम सांग आणि राग आला तर माझ्यावर ढकल. अर्धी चाकं डांबरावर आणि अर्धी चिखलात असली तर दांडा लावायचा की काढायचा, हे मला अजूनही कळलेलं नाही. रविवारी कदाचित परत चुकेन, परत अडकून बसेन. पण तेव्हा तुला कळा येत नसतील.

तुझाच, गोंधळलेला
अश्विन