इटलीच्या बाईला चोळीचा खण

तुमसर,
रविवार, ता. २६ नोव्हेंबर १९७८

प्रिय चंदा,

तू दोन्ही वेळा जेवत असशील असं धरून चालते. जेवत नसशील तर आधी जेवून घे, मग पुढे वाच. माझं बरं आहे. शाळेचे सहामाहीचे पेपर तपासून संपले. थंडी सुरू झाली आहे आणि गुडघा कुरकुरतो, पण शाळेपर्यंत नेतो.

तुझं पत्र येऊन तीन आठवडे होत आले. तू सरळ विचारलं आहेस. श्यामराव गेले, आता रेल्वेचं क्वार्टर पुढच्या महिन्याअखेर सोडायचं. भिलाईला मुलाकडे, टेकचंदकडे जाऊ, की तुमसरला तुझ्याकडे राहायला येऊ? ‘नाही म्हणायचं असेल तर म्हण, पण लवकर म्हण,’ असंही लिहिलंस. याचं उत्तर मी याच पत्रात देणार आहे. आधी कालची हकीकत ऐक. हे टाळणं आहे हे मला कळतं. तरी ऐक.

आमच्या महिला मंडळाच्या अध्यक्ष मंदाबाई यांनी नागपूरच्या एका फिल्म सोसायटीला लिहिलं होतं, ‘बायकांच्या जिव्हाळ्याचा एखादा सिनेमा पाठवा.’ त्यांच्या मनात सासू-सुनेचा होता. सोसायटीने इटलीचा पाठवला. जुना, काळा-पांढरा, मैत्रिणींवरचा, तिकडे फार नावाजलेला. मंदाबाई म्हणाल्या, “आता बोलावणी तं देऊन झाली. दाखवून टाकू.”

मारोतरावांच्या राइस मिलमध्ये धान वाळवायचं सिमेंटचं अंगण आहे, तिथे पडदा बांधला. आपण कोंढ्याला दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत दंडारीचं नाटक पाहायला जायचो ना, तशाच सगळ्या आल्या. पोती अंथरून, शाली गुंडाळून, मुरमुरे घेऊन. पुढे एकच खुर्ची होती, तिच्यावर मारोतरावांच्या आई सत्यभामाबाई. पुरुषांना मनाई होती, म्हणून ते कुंपणाला टेकून उभे.

बोलणं इटालियन, खाली अक्षरं इंग्रजी. ती वाचून माइकवर मराठीत सांगायचं काम माझ्याकडे. तुला माझा स्वभाव माहीत आहे. प्रत्येक वाक्याला नेमका शब्द शोधत बसले आणि मागे पडले. शेवटी पोस्टमास्तरांच्या बेबीबाई ओरडल्या, “बाई, ते पोट्टी केव्हाची रडून राहिली, अन् तुम्ही अजून तिच्या हसण्यावरच!” मग मी नेमकेपणा सोडला. दोन शब्दांत सांगू लागले आणि सगळ्यांना जास्त कळू लागलं.

गोष्ट साधी आहे. समुद्राकाठच्या गावात दोघी हातमोजे शिवायच्या दुकानात कामाला असतात, एका खोलीत राहतात. एक लग्न करून दूर जाते. दुसरी तिथेच राहते, एकटी, तिचे केस पांढरे होतात. मग एके दिवशी दार वाजतं. पहिलीचा नवरा वारलेला. हातात पेटी घेऊन ती उंबऱ्याशी उभी. आत येऊ का, असं विचारते. दुसरी तिच्याकडे पाहते, तोंड उघडते,

आणि रीळ तुटलं.

मशीन चालवणाऱ्या परसरामने दिवा लावला आणि फिल्म चिकटवायला घेतली. इकडे अंगणात एकच गलका.

“घेईल का नाही व घरात?”

“कायले नाही घेणार?”

“एकटीची सवय लागली तिले. आता दुसरीचं जड जाते,” मंदाबाई म्हणाल्या.

“अन् लेक नसेल काय तिले? लेकाकडं जावं ना!”

“पण तिचं तोंड पाह्यलं काय तुम्ही?” बेबीबाई म्हणाल्या. “दार उघडल्या उघडल्या खुशी दिसली.”

“बाप्पा! हिचा नवरा मेला अन् तिले खुशी?”

त्यावर सत्यभामाबाई खुर्चीतून मागे वळल्या. “मेल्याची खुशी नाही व. आली त्याची आहे. तुमची बहीण आली का तुम्ही रडत बसता काय दारात?”

मग कोणीतरी मला विचारलं, “बाई, तुम्ही सांगा, घेते का नाही?” मी म्हटलं, “मला माहीत नाही.” माइक सुरूच होता. माझं ‘माहीत नाही’ सगळ्या मिलभर घुमलं. चंदा, माझे कान तापले. तीन आठवडे मी रोजनिशीत रोज तेच लिहीत होते.

फिल्म जोडून झाली, पण मधला तुकडा गेला. दिवा विझला तेव्हा दोघी टेबलाशी बसून शेवयांसारखं काहीतरी लांब लांब खात होत्या. दुसरीने काय उत्तर दिलं ते कोणालाच कळलं नाही. “जेवून राहिल्या! घेतलं व, घेतलं!” म्हणून जी टाळी पडली, ती कुंपणापाशीच्या पुरुषांनीही उचलली.

पुढचं ऐक. दंडारीत एखाद्याचं काम आवडलं की बक्षीस देतात आणि ते जाहीर करायचं असतं. सत्यभामाबाईंनी घरातून चोळीचा खण मागवला आणि मला म्हणाल्या, “सांगा माइकवरून.” मी म्हटलं, “आई, ती इटलीला आहे.” “मंग? नाव तर घ्याल!” तेव्हा मी जाहीर केलं, मारोतरावांच्या मातोश्री सत्यभामाबाई यांच्याकडून, दार उघडणाऱ्या बाईला, चोळीचा खण. पुन्हा टाळ्या. आता तो खण नागपूरला सोसायटीकडे पाठवायचा आहे, आणि मंडळाची चिटणीस म्हणून सोबतची चिठ्ठी मलाच लिहायची आहे. काय लिहू, ते सुचलेलं नाही.

सिनेमात पुढे त्या दोघी भांडतात, खूप भांडतात. बायकांना ते सगळ्यात आवडलं.

आज सकाळी मी परसरामकडे गेले. म्हटलं, कापलेला तुकडा असेल तर दाखव, त्यावरची अक्षरं वाचायची आहेत. तो म्हणाला, “फेकला जी. त्यात काही नव्हतं. दोघी नुसत्या उभ्या होत्या.”

मी तशीच परत आले. खरं सांगते, अशा वेळी काय म्हणायचं असतं ते मला त्या इटलीच्या बाईकडून उसनं हवं होतं.

आता उत्तर. तुझं पत्र वाचलं आणि मला आनंद झाला. इतका, की मी उठून मागची खोली झाडून काढली. मग केरसुणी हातात धरून उभी राहिले आणि भीती वाटली. श्यामराव गेले म्हणून हा आनंद माझ्या वाट्याला येत होता. तू रडत असशील आणि मी तुझी खाट कुठे ठेवायची ते पाहत होते. असल्या आनंदावर उभं राहून ‘ये’ म्हणणं मला नीतीचं वाटेना. म्हणून मी तुझ्या हिताच्या गोष्टी लिहून पाहिल्या, नातवंडं, सुनेचा आधार, भिलाईचा दवाखाना. सगळं खरं होतं आणि त्यातलं एकही वाक्य पोस्टात टाकवेना.

सत्यभामाबाईंचं म्हणणं बरोबर आहे की मला सोयीचं आहे, हे मी अजून तपासते आहे. पण ते तपासून होईपर्यंत तुला उंबऱ्याशी उभं ठेवणं बरोबर नाही, एवढं नक्की.

मी पहाटे उठते. मला रेडिओ सोसत नाही, तुला लागतो. भाजीत तू तिखट फार घालतेस. संक्रांतीच्या आत आपलं एक भांडण होईल. टेकचंदला मी वेगळं लिहिते, म्हणजे आईने आपल्याला टाळलं असं त्याला वाटायला नको. सुट्टीत मुलांना इकडे पाठवू दे.

दुपारी घरमालक पुंडलिकरावांना सांगून आले की माझी मैत्रीण राहायला येते आहे. त्यांनी विचारलं, “किती दिवसांसाठी?”

मी म्हटलं, “तिला परत जायचं नाही.”

तुमसर रोडला उतर. मी फलाटावर असेन. उत्तर लिहीत बसू नकोस, गाडीत बस.

तुझीच,
प्रमिला