माग थांबला तरी

हर्षा पोरी,

मी रुचीले घेऊन भंडाऱ्याले, तिले बोलणं शिकवणाऱ्या मॅडमकडे जाऊन राहिलो. घाबरू नको. दूध पाजलं आहे. तुहा भात गंजात झाकून ठेवला.

मी म्हणत होतो ना, माह्या नातीले ऐकू येते? माग थांबला की ती झोपेतून उठत होती. त्याच भरवशावर मॅडमशी भांडलो. त्या म्हणाल्या होत्या, आजोबा, तिले जमिनीचा हादरा कळते. आज ती मागाजवळ खाली नाही, झोळीत झोपली होती. मी माग थांबवला. उठली नाही. पुन्हा चालवला, पुन्हा थांबवला. नाहीच उठली. मग मी बोललो की हासते, ते काय पाहून? मले काहीच समजून नाही राहिलं.

कानाच्या दोन्ही मशीन लावून नेतो. लाल खुणेची उजव्या कानाची की डाव्या, तेही मले माहीत नाही.

तोंडावर सांगणं जमणार नाही म्हणून लिहितो. चार महिन्यांत फरक काहून पडला नाही, म्हणून तू परवा रडली. तू ड्युटीवर गेली की मी त्या मशीन काढून डब्यात ठेवत होतो.

तुहा सासरा